कपाशीचं आवतण

बापू,

तुझ्या तेरवीला वाटायच्या पुस्तिकेसाठी मधूने माझ्याकडे लेख मागितला आहे. "काकाजी, तुमीच लिहा. बाबाले तुमच्याइतकं कोन ओळखते?" असं म्हणाला, आणि मला दारापर्यंत सोडायला आला तेव्हा हळूच पुढे म्हणाला, "फक्त थे पोळ्याचं काढू नका." तुझाच मुलगा. त्याला दोन पानं हवी आहेत, घोडीने मुंबईची शर्यत मारली त्याची. फोटोही त्याने निवडून ठेवला आहे. त्यात तू आहेस, कपाशी आहे, तिच्या पाठीवर जॉकी आहे आणि कडेला अर्धामुर्धा मी. चौथा एक माणूस त्या फोटोत होता, त्याला कापून टाकलं आहे. छान बेतशीर कापलं आहे, ज्याला माहीत नाही त्याला कळायचंही नाही.

तू कधी जन्मलास, सरकी काढायचा जीन कारखाना कधी काढलास, अकोल्यात कोणकोणत्या संस्थांना तुझा हात लागला, ते दुसरं कुणीही लिहील. मला तुझ्याशी भांडायचं आहे. नऊ वर्षं ते भांडण तू पुढे ढकललंस आणि आता सोयीस्करपणे निघून गेलास. तुला नेहमीच वेळेवर उठून जाणं जमायचं.

तुझे उपकार मी विसरलेलो नाही. अमरावतीच्या वसतिगृहात मला विषमज्वर झाला तेव्हा तू मला पाठीवर घेऊन दवाखान्यात पळालास. वाटेत मी तुझ्या मानेवर ओकलो. "अबे मरू नको लेका, मले गणित कोन सांगन?" असं तू ओरडत होतास आणि रडतही होतास. मी जगलो, तू गणितात नापास झालास. पुढे मी ढोरांचा डॉक्टर झालो याचं साऱ्या नातेवाइकांनी हसं केलं. तू एकटा म्हणालास, "मानसाईचे डॉक्टर ढीग हायेत, मुक्याचं कोन हाये?" ते वाक्य मी वर्षानुवर्षं जपलं. म्हणून तर पुढचं सगळं जास्त झोंबतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तेव्हा माझी बदली अकोल्याला झालेली होती. तू कापसाच्या कामासाठी मुंबईला गेलास आणि आठ दिवसांनी तुझी तार आली. घोडी घेतली, लवकर ये. मला वाटलं टांग्याची असेल. मुंबईला येऊन पाहतो तर तू रेसकोर्सवरच्या तबेल्यात उभा, धोतराचा सोगा हातात धरलेला, आणि समोर तीन वर्षांची कुमैत घोडी. तांबूस तपकिरी अंग, कपाळावर पांढरी टिकली आणि पाय इतके बारीक की मला तिची काळजीच वाटली. मी तुला तिथेच फैलावर घेतलं. घरी बैल आहेत, त्यांच्या शर्यतीचे शंकरपट आहेत, त्यात तुझी हौस फिटत नाही का?

"शंकरपटात मले वऱ्हाड ओळखते," तू म्हणालास. "मुंबईच्या लोकाईले अकोल्याचा कापूस मालूम हाये. अकोल्याचा मानूस नाई." आणि घोडीचं नाव ठेवलंस कपाशी. बाकीच्या घोड्यांची नावं इंग्रजी, झुळझुळीत. त्यात ही आपली कपाशी. मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता ते तुला कधी सांगितलं नाही.

सुखदेव तिथेच भेटला. तबेल्यात घोड्याची देखभाल करणारा साईस. आपलं बोलणं ऐकून त्याने दाणा चाळता चाळता मान वर केली. "तुमी वऱ्हाडातले का जी? मी चांदूर रेल्वेकडचा." तरुणपणी गाव सोडून आलेला, घोड्यांमध्येच मोठा झालेला. तीन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्याने घरच्यांबरोबर दीक्षा घेतली होती, तेही त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं, नंतर कुणी विचारायला नको म्हणून. तू म्हणालास, "मले काय त्याचं? मले घोडी जपनारा पायजे." घोड्यांना तयार करणाऱ्या त्या म्हाताऱ्या ट्रेनरला तू सांगून टाकलंस की कपाशीला हाच माणूस राहील. तेव्हा तू खरंच मोठ्या मनाचा होतास, बापू. की त्यात अजून काही खर्ची पडत नव्हतं म्हणून होतास? हे मला आता ठरवता येत नाही.

पहिली शर्यत आठवते? दोरी वर गेली, सगळे घोडे सुटले आणि आपली बाई तिथेच उभी. मान वळवून इकडेतिकडे पाहत होती. तू डोक्याला हात लावलास. मग ती सुटली. शेवटच्या वळणावर सहावी, मग चौथी, मग मला मोजता येईना. आजूबाजूला सूटबूटवाले लोक दुर्बिणी लावून सभ्यपणे उभे होते आणि तू बाकावर चढून शंकरपटात ओरडतात तसा ओरडत होतास. "हान! हान रे! आली माही वाघीन!" सारी माणसं शर्यत सोडून तुझ्याकडे पाहायला लागली. ती मानेएवढ्या अंतराने जिंकली. तू मला मिठी मारलीस ती इतकी जोरात की माझा चष्मा फुटला. परतीच्या गाडीत मला काही दिसत नव्हतं आणि तू खिडकीबाहेरचं सगळं मला सांगत होतास, "आता बडनेरा येते, आता मूर्तिजापूर," उलटंसुलटं, मुद्दाम चुकीचं. मी इतका कधी हसलो नव्हतो.

त्या हंगामात ती आणखी दोन जिंकली, तीन हरली. अकोल्यात लोक तुझ्या जीनसमोर पेपरची वाट पाहत थांबायचे. एक शर्यत ती हरली त्या दिवशी जॉकीने तिला चाबकाने फार मारलं. तू त्याच्यावर धावून गेलास, लोकांनी तुला आवरलं. संध्याकाळी तबेल्यात आपण गेलो तर सुखदेव तिच्या वळांवर हळद लावत बसला होता. तुझ्याकडे न पाहता म्हणाला, "मालक, तुमी भांडले थे बरं केलं. पन हिच्या म्होरं भांडू नका. भेते." तू त्या दिवशी त्याच्या खांद्यावर हात ठेवलास. ते मी पाहिलं होतं.

मग पुण्याचा पावसाळी हंगाम. पहिल्याच शर्यतीला एवढा पाऊस की जॉकींचे चेहरे ओळखू येत नव्हते. सगळीकडे राड. त्या राडीत तिने सगळ्यांना मागे टाकलं. तू चिखलात उड्या मारत होतास. सुखदेव मात्र माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, डाव्या पायाले हात लावून पाहा." पाय गरम होता. शीर ताणली गेली होती. ट्रेनर म्हणाला, दीड महिना विश्रांती, इथेच राहू द्या. तू म्हणालास, आराम करायचा तर माहेरी. मी विरोध केला. रेल्वेने घोडी नेणं बरं नाही, हवापाणी बदलेल, खाणं बदलेल, हे सगळं मी बोललो. पण बोललो ते बेताबेताने. अकोल्यात ती माझ्या हाताखाली येणार होती आणि ते मलाही हवंच होतं.

अकोल्याच्या स्टेशनवर ती डब्यातून उतरली तेव्हा कुणी नारळ फोडला, कुणी गुलाल टाकला. बायका कडेवर लेकरं घेऊन बघायला आल्या होत्या. जीनच्या आवारात तिला शेड केली. रोज सकाळी सुखदेव तिला मोर्णा नदीच्या पाण्यात गुडघाभर उभी करायचा, पायाची ठणक उतरावी म्हणून, आणि स्वतःही तासभर तिच्यासोबत पाण्यात उभा राहायचा. दाणा हाताने निवडायचा, मोजून द्यायचा, लोकांनी आणलेला गूळ, भाकरी, केळी गोड बोलून परत करायचा. लोकांना त्याचा राग यायचा. पाय मात्र सुरेख बरा झाला. दिवाळीनंतर ती पुन्हा मुंबईला पळणार हे नक्की झालं होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुझ्या अंगणात खांदमळणी होती. तुझ्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळली जात होती. तुझी माय निरांजन घेऊन आली आणि कडेला बांधलेल्या कपाशीकडे पाहून म्हणाली, "थे पोरगी काहून येगळी उभी? थे का घरची नाई?" हात लोण्याने भरून ती पुढे गेली. जिच्या मानेवर कधी जू आलं नाही तिच्या मानेला मायने हळद चोळली आणि बैलांना म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." सगळे हसले. सुखदेवही हसला. मग तो माझ्याजवळ आला.

"डॉक्टरसाहेब, आवतण देलं म्हंजे उद्या जेऊ घालतीन का?"

"अरे रीत आहे ती. एखादा घास देतील," मी म्हणालो.

एखादा घास. घोड्याला ओकारी होत नाही, बापू. बैलाचं पोट वेगळं, तो रवंथ करतो, त्याला सणाचं जेवण सोसतं. घोड्याच्या पोटात जे गेलं ते गेलं, फुगलं तर वर यायला वाट नाही. हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. आपण वऱ्हाडातली माणसं, जनावर म्हटलं की बैलच डोळ्यांसमोर येतो, हे मी तुझ्या मायला माफ केलं आहे. तुला निम्मं. मला अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली पुरणाची पोळी मायने चारली, तूप लावून. कपाशीने हुंगली, खाल्ली, ओठ चाटले. टाळ्या पडल्या. "माय, बस आता," सुखदेव म्हणाला. पण तू तिच्या अंगावर आरशांची झूल घातलीस आणि बैलांच्या मागे तिलाही तोरणाखाली नेलंस. झडत्यांची गाणी म्हणून झाली, पोळा फुटला, आणि मग जोड्या दारोदार निघाल्या. प्रत्येक दारात एक बाई ताट घेऊन उभी. बैलाचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पोळी चारायची. आणि बैलांच्या मागे ती, मुंबई जिंकून आलेली. तिला उपाशी कोण जाऊ देणार होतं?

"बाई, नको. हिच्या पोटाले नाई चालत," असं सुखदेव प्रत्येक दारात म्हणत होता. पहिल्या दोन-तीन बायका थांबल्या आणि तुझ्याकडे पाहू लागल्या.

"चारा, चारा," तू म्हणालास. "आवतण देलं हाये तिले. आता उपाशी पाठवता का?"

पाचव्या का सहाव्या दाराशी मागून कुणी तरी बोललं, "याले काय पोळ्याचं? यानं तं देव सोडले." दुसरा म्हणाला, "आपला सन याच्या डोळ्यात खुपून राह्यला." तू ते ऐकलंस. मी तुझ्या शेजारून चालत होतो, मीही ऐकलं. तू त्यांना काही बोलला नाहीस. तू सुखदेवला म्हणालास, "गुमान चाल बे. घोडी कोनाची हाये?"

तरीही तो दर दारात म्हणत राहिला, आवाज खाली करून.

मग माझं दार आलं. कमल ताट घेऊन उभी होती. सुखदेवने तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टरसाहेब, तुमी तरी सांगा." कपाशीचं पोट तेव्हाच ताठ दिसत होतं. मला ते दिसलं, बापू. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. तू हसत म्हणालास, "वयनी, द्या. डॉक्टरच्या घरची पोळी तं औषधच." सगळी गल्ली हसली. गल्लीपुढे तुला तोंडघशी पाडणं मला जमलं नाही. मीही हसलो, कमलच्या हातातली पोळी घेतली आणि माझ्या हाताने तिला चारली.

त्यानंतर सुखदेव एकाही दारात नको म्हणाला नाही. डॉक्टरनेच चारल्यावर तो काय म्हणणार?

अंधार पडायच्या आत ती खाली बसली, उठली, पुन्हा बसली, वळून वळून कुशीकडे पाहू लागली. मी नळी घातली, जवसाचं तेल दिलं, सुया दिल्या. ती रात्र मी लिहीत नाही. सकाळी ती एकाएकी शांत झाली. तू टाळी वाजवलीस, "सुटली बे, सुटली!" मी तुझ्या तोंडाकडे पाहू शकलो नाही. इतक्या कळा सोसणारं घोडं असं अचानक शांत झालं म्हणजे आत पोट फुटलेलं असतं. तासाभरात ती गेली. तिचं डोकं सुखदेवच्या मांडीवर होतं.

मी तिला जीनच्या आवारात उघडली. जठर फाटलेलं होतं आणि सगळीकडे पुरण. पिवळंधमक, न पचलेलं. उघड्या पोटातून जायफळाचा वास आला. त्याहून घाण वास माझ्या नाकात आजवर गेलेला नाही. आवारात अर्धं गाव जमलं होतं. जिचं तिचं हळू आवाजात शेजारणीला सांगून झालं होतं, मी एकच दिली. कमलनेही मला तेच सांगितलं. खरंच होतं, प्रत्येकीने एकेकच दिली होती. दारं चाळीसवर होती.

तू विचारलंस, "काय झालं?" आणि मी उत्तर द्यायच्या आधी कुणीतरी मागून म्हणालं, "त्यानंच काई चारलं असन. पोळा पटत नोता ना त्याले." सगळ्यांनी सुखदेवकडे पाहिलं. तूही पाहिलंस. तुझे डोळे रडून सुजले होते, मला दया येत होती तुझी. तू एक शब्द बोलायचा होतास. नाही, त्याने नाही, आपण. तू म्हणालास, "दान्यात काई गेलं असन. मी का तिथं निजत होतो?"

आणि मी हात धूत होतो. बादलीतल्या पाण्यात मी हात धूत राहिलो, स्वच्छ झाले तरी. मग म्हणालो, "शूळ झाला." कागदावरही तेच लिहिलं. शूळ, कारण अनिश्चित.

इथवरही मी समजू शकतो. माणूस दुःखात काहीही बोलतो. पण आठ दिवसांनी, डोकं थंड झाल्यावर, तू पुण्याला ट्रेनरला पत्र धाडलंस की साइसाच्या हयगयीने घोडी गेली. घोड्यांची दुनिया लहान. सुखदेव पुण्याला गेला, त्याला तबेल्याच्या फाटकातून आत घेतलं नाही. मुंबईला गेला, तिथे त्याच्याआधी त्याचं नाव पोचलेलं होतं. घोडी मारणारा साईस. चांगल्या घोड्याला त्याचा हात पुन्हा कधी लागला नाही. बडनेऱ्याला येऊन त्याने टांगा धरला.

मी तुला किती वेळा म्हणालो की एक पत्र लिही, दोन ओळींचं. "लिहू रे," तू म्हणायचास. "माय हाये तवर नको. पयली पोळी तिनं चारली. तिले समजलं तं जीव देईन थे." पटण्यासारखं होतं, मी गप्प बसलो. माय गेली. तिचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी पुन्हा विषय काढला. "आता कोन इचारते बे? झाले की किती साल." मी चिडलो, आवाज चढवला. तेव्हा तू शांतपणे पानाला चुना लावत म्हणालास, "डॉक्टर, तुह्या दारातबी खाल्ली ना तिनं? तुह्याच हातानं ना? मंग तूच लिही."

बापू, तो घाव तू मोजून घातलास. त्या एका वाक्याने तू मला आणखी तीन वर्षं गप्प केलंस, कारण मी लिहिलं नाही. सरकारी नोकरी, कागदावरची माझीच सही, लोक काय म्हणतील. सगळी कारणं माझ्याकडेही तयार होती. आपण दोघे एकमेकांना ओलीस धरून बसलो आणि त्यालाच मैत्री म्हणत राहिलो. दर दिवाळीला तू चिवडा पाठवलास, मी खाल्ला.

गेल्या महिन्यात तुला भेटायला आलो तेव्हा तू उशीला टेकून बसला होतास. दम लागत होता. तू माझा हात धरून म्हणालास, "थे आपलं... राहूनच गेलं." तुला काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं होतं. मी म्हणालो, "यंदा कापूस बरा आहे म्हणतात." का म्हणालो? तुला दम लागत होता म्हणून? की तू सांगून मोकळा होशील आणि मी एकटाच मागे उरेन याची भीती वाटली? तू हात सोडलास. ती आपली शेवटची भेट.

परवा तुझ्या शोकसभेत मला बोलायला लावलं. मधू पुढेच बसला होता. मी मुंबईची शर्यत सांगितली, तू बाकावर चढलास ते सांगितलं, फुटलेला चष्मा सांगितला. लोक रडता रडता हसले. पुण्याच्या चिखलापर्यंत आलो आणि खाली बसलो. टाळ्या वाजल्या. शोकसभेत कधी टाळ्या ऐकल्या होत्यास?

काल दुपारी अकोल्याहून अमरावतीला माझ्या घरी परतताना बडनेऱ्याला उतरलो. एरवी मी तिथून पुढची गाडी धरतो आणि टांग्यांकडे पाहत नाही. काल मुद्दाम गेलो. सुखदेव लिंबाखाली टांगा लावून उभा होता. केस पिकलेत. त्याची घोडी साधीच, पण तिचं अंग असं चमकत होतं की ओळीत तीच उठून दिसत होती. त्याने मला ओळखलं, पेटी घेतली. अर्धा रस्ता गेल्यावर मी म्हणालो, "बापू गेले."

"आयकलं जी."

"सुखदेव, घोडीला तू मारलं नाहीस. तिच्या पोटात पुरणाशिवाय काही नव्हतं. मी तेव्हाच पाहिलं होतं. मी सगळं लिहिणार आहे आता."

मला वाटलं रागवेल, टांगा थांबवून उतरा म्हणेल. मी त्याची तयारी ठेवली होती. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

"डॉक्टरसाहेब," तो म्हणाला, "पयले दोन-तीन साल मले पक्कं मालूम होतं का मी नाई मारली. रोज सोताले सांगत जावो. मंग एक दिवस मनात आलं, तोंडानं नको म्हनत होतो, पन लगाम तं माह्या हातात होता. वढून नेली असती तं? मारलं असतं लोकायनं, पन थे वाचली असती. तवापासून मले वाटते का मीच मारली. पुन्यात म्हनत, मुंबईत म्हनत, अकोल्यात म्हनत. येवढे लोक खोटे कसे असतीन? आता नऊ सालानं तुमी म्हनता का नाई मारली." त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "मी कोनतं खरं धरू?"

घर आलं, त्याने पेटी उतरवली, कोणत्याही गिऱ्हाइकाकडून घेतो तेवढंच भाडं घेतलं आणि निघाला.

बापू, आपण त्याची नोकरी घेतली, नाव घेतलं, एवढंच मी आजवर समजत होतो. त्याला स्वतःबद्दल जे ठाऊक होतं तेही आपण काढून घेतलं, हे मला काल त्या टांग्यात कळलं. ते परत कसं देतात हे मला येत नाही. तुलाही आलं नसतं, पण दोघे मिळून काहीतरी केलं असतं. आता मला एकट्याला करायचं आहे, आणि त्यासाठी मी तुला शिव्या देतोय, आणि तू नाहीस म्हणून रडतोही आहे.

म्हणून लिहितो. त्या वर्षीच्या पोळ्याला कपाशीला आपण मारलं. तुझ्या मायच्या मायेने, तुझ्या मिजाशीने आणि माझ्या भित्रेपणाने. सुखदेव दारोदार नको म्हणत होता आणि त्याचं खरं होतं. पुण्याला पत्र आज टाकलं, त्या तबेल्यात आता कोण आहे मला माहीत नाही. हा लेख मधूकडे जाईल. त्याने छापला नाही तर मी दुसरीकडे छापीन. पण त्याआधी उद्या सकाळी मी बडनेऱ्याला जाणार आहे. त्या लिंबाखाली, सगळ्या टांगेवाल्यांच्या देखत, हे मोठ्याने वाचून दाखवणार आहे. त्याने हे खरं धरलं तर बरंच आहे. नाही धरलं, तर त्या दिवशी आपण फक्त घोडी मारली असं यापुढे मला म्हणता येणार नाही.